तार जोडली, पण इंटरनेट लागेना!

भाऊबीजेचे पाहुणे परत गेले, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले आणि सोमवारी दुपारी मी जरा निवांतपणे संगणकापुढे बसले. बटण दाबले, पडदा उजळला आणि कोपऱ्यात तारेचे एक चिन्ह गोल गोल फिरू लागले. फिरले, फिरले आणि 'जोडणी झाली नाही' असे सांगून थांबले. क्षणभराने पुन्हा फिरू लागले. माझा चहा गार झाला, तरी त्याचे फिरणे काही संपेना!

मैत्रिणींनो, एवढे वाचून तुम्ही म्हणाल, "हा काही आपला विषय नव्हे. हे घरातल्या पुरुषांचं, नाहीतर मुलांचं काम." तोवर मीही असेच म्हणत होते. पण वेळ अशी आली, की घरात मीच एकटी आणि समोर ते अडून बसलेले यंत्र. तेव्हा पदर खोचला. त्या आठवड्यात जे शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान घाबरून तरी जाणार नाही.

हे सारे झाले कसे?

गोष्ट २०२५ सालच्या दिवाळीतली. आमचा संगणक आठ वर्षांचा. तसा धडधाकट. पण त्यावर होते विंडोज १०, आणि त्याची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. म्हणजे ते बंद पडत नाही, पण सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या एरवीसारख्या येत नाहीत. दाराची कडी सैल झाली आहे आणि सुतार यायचा बंद झाला, असे समजा. विंडोज ११ घालावे, तर आमचा जुना संगणक त्याच्या अटींत बसेना. नवा घ्यायचा म्हणजे मोठा खर्च, आणि लेकीच्या बारावीच्या क्लासची फी नुकतीच भरलेली.

नणंदबाईंबरोबर आलेला भाचा म्हणाला, "मामी, लिनक्स टाकू या का? एक पैसा पडत नाही."

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, विंडोजसारखीच. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. पुढे जगभरातल्या लोकांनी त्यात भर घातली. आज तिची अनेक रूपे मिळतात. उबुंटू, मिंट ही त्यांतली घरगुती वापराला सोपी. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे भारतीय रूप काढले आहे, आणि केरळातल्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. तेव्हा ही काही कुणाची हौसेमौजेची गोष्ट नव्हे.

भाच्याने मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवले. जुन्याला हात न लावता नवे पाहता येते, ही सोय मला फार आवडली. साडी खरेदीपूर्वी अंगावर टाकून बघावी तसे! 'ह्यां'नीही मान हलवली. फोटो, कागदपत्रे सगळे वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि मगच जुने पुसून नवे घातले. भाच्याने स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट लावून सर्व चालवून दाखवले आणि रविवारी रात्रीच्या गाडीने तो पुण्याला गेला.

एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. आमच्या घरच्या इंटरनेटची किल्ली त्या पुसलेल्या विंडोजमध्येच होती.

माझा शनिवारचा वर्ग

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. शिवाय दर शनिवारी सकाळी दहा वाजता माझा मराठीचा एक वर्ग संगणकावरून असतो. ओळखीतल्या घरांतली सहा मुले, काही दुबईत, काही सिंगापुरात. तिकडे कुणाचे साडेआठ वाजलेले असतात, कुणाचे साडेबारा. आजी-आजोबांशी बोलता यावे म्हणून त्यांच्या आया त्यांना हौसेने बसवतात. फी फार नाही. पण तो माझा स्वतःचा पैसा. लेकीची पुस्तके, सासूबाईंचा चष्मा असे खर्च मी त्यातून करते आणि कुणाकडे हात पसरत नाही.

आता म्हणाल, मोबाइलवरून का घेत नाहीस? तेही करून झाले होते. आमचे घर तळमजल्यावर. मोबाइल खिडकीत ठेवला तर रेंज येते, पण खिडकीत ठेवून शिकवायचे कसे? एकदा असाच घेतला, तर वर्ग तीनदा तुटला आणि दोघींचे निरोप आले, "ताई, आज मुलांना काही कळलंच नाही हो."

ज्याच्याकडून आम्ही इंटरनेट घेतो, त्याच्याकडे फोन केला. मंगळवारी एक मुलगा आला. पडद्याकडे पाहिले आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, यात विंडोज नाही. आमच्याकडे लिनक्स चालत नाही. विंडोज टाकून घ्या, मग फोन करा."

संध्याकाळी हे 'ह्यां'ना सांगितले. दमून आले होते. म्हणाले, "चालतं यंत्र होतं, ते बंद पाडलंत. आता दुकानात न्यायचं, त्याचे पैसे द्यायचे. तोवर महिनाभर क्लास बंद ठेव. काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! मी काही बोलले नाही. पण रात्री झोप लागेना. महिनाभर बंद ठेवलेला वर्ग पुन्हा भरतो थोडाच? त्या आया दुसरी बाई शोधतील.

सासूबाईंचा सल्ला

सकाळी भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, नळाला पाणी नाही म्हणून लगेच नळ बदलत नाहीत. आधी टाकीत पाणी आहे का बघतात. मग चावी. मग नळ."

त्यांनी ते सहज म्हटले, पण मला वाट सापडली. इंटरनेट हेही बाहेरून घरात येणारे पाणीच. ते कुठवर आले आहे, हे एकेक टप्पा बघायचे.

पहिला टप्पा, मोडेम. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचे तेव्हा संगणकाची भाषा तारेच्या भाषेत आणि तारेची भाषा संगणकाच्या भाषेत उलगडणारी ही पेटी होती, म्हणून तिचे नाव मोडेम. आता काचेच्या केसासारख्या धाग्यातून प्रकाशाच्या रूपाने इंटरनेट येते आणि पेटीचे खरे नाव वेगळे आहे, पण घरोघरी तिला मोडेमच म्हणतात. तिच्यावरचे दिवे वाचायला शिका. 'पॉवर' म्हणजे वीज आहे. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर बाहेरचा प्रकाश नीट येतो आहे. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकत असेल, तर धागा कुठेतरी तुटला किंवा नको तेवढा वाकला आहे. तिथे आपण काही करायचे नाही, सरळ तक्रार नोंदवायची. त्या धाग्याला गाठ मारू नका, खिळ्याला गुंडाळू नका आणि त्याच्या उघड्या टोकात कधीही डोळा घालून पाहू नका.

आमचा 'पॉन' हिरवा होता. म्हणजे टाकीत पाणी होते!

दुसरा टप्पा, मोडेमपासून संगणकापर्यंतची तार. तिचे टोक घालताना 'टक्' असा आवाज यायला हवा. 'लॅन'चा दिवा लागला की तार ठीक.

तिसरा टप्पा, संगणक. इथे गाडी अडली होती. मग मी भाच्याला मोबाइलवर निरोप टाकला. तो कामात होता. एवढेच उत्तर आले, "मामी, मोडेम ब्रिज मोडवर असेल. पीपीपीओई करावं लागेल. नाव-पासवर्ड शोधा."

ब्रिज म्हणजे काय, पीपीपीओई म्हणजे काय?

घाबरू नका, नावच तेवढे अवघड आहे. मोडेम दोन तऱ्हांनी काम करतो. एक तऱ्हा 'राउटर'ची. यात मोडेम स्वतःच आपले नाव आणि पासवर्ड सांगून कंपनीच्या दारातून आत जातो आणि मग घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक क्रमांक वाटून देतो. अशा घरात लिनक्स असो की विंडोज, तार लावायचा अवकाश, इंटरनेट सुरू. काही म्हणजे काही करावे लागत नाही.

दुसरी तऱ्हा 'ब्रिज'ची. यात मोडेम नुसता पूल. नाव-पासवर्ड सांगायचे काम संगणकाचे. ते सांगण्याची जी ठरलेली पद्धत आहे, तिला पीपीपीओई म्हणतात. आमचा जुना विंडोज हे काम रोज मुकाट्याने करत होता. नव्या लिनक्सला ते कुणी सांगितलेच नव्हते. बिचारा आपला क्रमांक मिळण्याची वाट बघत फिरत होता आणि देणारे कुणी नव्हते!

म्हणजे लिनक्स 'चालत नाही' ही गोष्टच खरी नव्हती.

बिस्किटांच्या डब्यातली पावती

आता नाव-पासवर्ड. आपण गृहिणी कागद टाकत नाही, याची कितीही चेष्टा होवो! बिलांच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात पाच वर्षांपूर्वीची जोडणीची पावती निघाली. मागे निळ्या शाईत नाव आणि पासवर्ड.

मग मिंटमध्ये काय केले, ते क्रमाने सांगते.

१. मेनूत 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडले. खाली अधिकचे चिन्ह आहे, ते दाबले.

२. यादीतून 'डीएसएल/पीपीपीओई' निवडले. टेलिफोनची तार नसली तरी हेच निवडायचे.

३. 'पॅरेंट इंटरफेस'मध्ये तारेचे कार्ड निवडले. तारेच्या कार्डाचे नाव बहुधा इंग्रजी 'ई' आणि 'एन' या अक्षरांनी सुरू होते, वायफायचे 'डब्ल्यू' आणि 'एल'ने.

४. नाव आणि पासवर्ड भरला. 'सर्व्हिस'ची जागा कंपनीने काही सांगितले नसेल तर रिकामी ठेवायची. मग 'सेव्ह'.

५. कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारून ही नवी जोडणी निवडली.

फिरले, फिरले आणि पुन्हा 'जोडणी झाली नाही'!

डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. पुन्हा पावती बघितली. पासवर्डात एक गोल होता. तो शून्य की इंग्रजी ओ? दोन्ही करून पाहिले. पहिले अक्षर मोठ्या लिपीत, लहान लिपीत, तेही पाहिले. छे!

योग्य प्रश्न विचारा

गुरुवारी मी पुन्हा त्यांच्या कार्यालयात फोन केला. पण या वेळी लिनक्सचे नावच काढले नाही. शांतपणे विचारले, "आमची जोडणी पीपीपीओई आहे ना? मोडेम ब्रिजवर आहे ना? मग मला पासवर्ड बदलून द्या आणि नाव अक्षर-अक्षर सांगा."

पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटांत नवा पासवर्ड दिला. नावही सांगितले. मी पावतीवरून नावात जो आकडा १ समजत होते, तो इंग्रजी लहान 'एल' होता!

भरला. दाबले. चिन्ह फिरले आणि स्थिर झाले. मी स्वयंपाकघरात धावत जाऊन सासूबाईंना म्हटले, "आलं हो पाणी!"

तुम्हीही हे प्रश्न कागदावर लिहून ठेवा: जोडणी पीपीपीओई आहे का? मोडेम ब्रिजवर आहे की राउटरवर? नाव-पासवर्ड काय? आणि चौथा, आमच्या जुन्या संगणकाचा क्रमांक तुम्ही खात्याला बांधून ठेवला आहे का? काही ठिकाणी तसा बांधतात. मग नवा संगणक किंवा राउटर आणला की सर्व बरोबर भरूनही जोडणी होत नाही. तो क्रमांक त्यांच्याकडून सोडवून घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशीची फजिती

शुक्रवारी सकाळी संगणक लावला, तर पुन्हा तेच गोल गोल फिरणे! पण आता धीर आला होता. शोधले तेव्हा कळले, की यादीत 'वायर्ड' नावाची आधीची जोडणीही होती आणि संगणक सुरू होताच तीच आधी पुढे सरसावत होती. एका नळावर दोघी घागरी घेऊन उभ्या! तिच्या 'जनरल' पानावरची आपोआप जोडण्याची खूण काढली आणि पीपीपीओईच्या पानावर तीच खूण केली. तेव्हापासून कुरकूर नाही.

शनिवारी दहा वाजता सहाही मुले पडद्यावर हजर होती. आम्ही दिवाळीवर पाच-पाच वाक्ये लिहिली. सिंगापूरच्या छोटीने 'चकली' ऐवजी 'चकाली' लिहिले, एवढीच काय ती अडचण!

दिवसभराने 'हे' म्हणाले, "दुकानात न्यायचं राहिलंच की." मी म्हटले, "न्यायचं कशाला? सकाळी वर्ग झाला ना." ते उठून पडद्यापाशी आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मला दाखव बरं, काय केलंस ते." लग्नाला इतकी वर्षे झाली. संगणकाबाबत 'मला दाखव' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

आणखी काही उपयोगी गोष्टी

वायफाय दिसत नसेल तर: काही जुन्या लॅपटॉपांच्या वायफाय कार्डाचा चालक-कार्यक्रम लिनक्सबरोबर येत नाही. मग इंटरनेटशिवाय तो उतरवणार कसा? अशा वेळी तार लावा, नाहीतर मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. मग मिंटमधला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. त्याला हवा तो कार्यक्रम बहुधा तोच सुचवतो.

दोष कुठे आहे हे ओळखायला: 'टर्मिनल' नावाची काळी खिडकी उघडा. इंग्रजी लहान लिपीत पिंग हा शब्द, एक जागा मोकळी आणि पुढे इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ लिहून एंटर दाबा. ओळीमागून ओळ येऊ लागली तर बाहेरच्या जगापर्यंत वाट आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी एकदम दाबा. क्रमांकाला उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, असे झाले तर बिघाड फक्त नावांच्या यादीचा, म्हणजे डीएनएसचा. जोडणीच्या 'आयपीव्ही४' पानावर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ भरले की बहुतेक वेळा भागते.

राउटर घ्यावा का: जमल्यास जरूर घ्यावा. पुढच्या महिन्याच्या फीतून मी साधा राउटर आणला आणि नाव-पासवर्ड त्यातच भरून टाकले. आता दारात ओळख सांगायचे काम तो करतो. संगणकातली पीपीपीओईची जोडणी काढली, 'वायर्ड'ची खूण परत केली आणि लेकीच्या मोबाइललाही वायफाय मिळाले. मात्र राउटरच्या आत जाण्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो साऱ्यांना ठाऊक असतो. वायफायचा पासवर्डही शेजारच्या पिंटूला ओळखता येईल असा नको!

लिनक्स घेण्याआधी: विंडोजसाठी केलेले कार्यक्रम त्यावर तसेच्या तसे चालत नाहीत. हिशेबाचा किंवा कार्यालयाचा एखादा खास कार्यक्रम घरी लागत असेल तर आधी चौकशी करा. पत्रे लिहिणे, मराठी टंकलेखन, व्हिडिओवरचा वर्ग, बिले भरणे ही माझी कामे मात्र सुरळीत चालली आहेत. आणि जुने पुसण्यापूर्वी फोटोंइतकीच इंटरनेटच्या नाव-पासवर्डाची आठवण ठेवा. आम्ही तिथेच चुकलो.

नवा पासवर्ड मी आता दोन जागी लिहिला आहे. एक बिस्किटांच्या डब्यात आणि दुसरा कपाटात, दागिन्यांच्या डबीखाली. शून्य असेल तिथे 'शून्य' आणि एल असेल तिथे 'एल' असे चक्क मराठीत लिहून!

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, "आमचं इंटरनेट दोन दिवस बंद आहे हो. माणूस येतो म्हणाला, पण येत नाही." मी हातातले काम ठेवले आणि विचारले, "वहिनी, मोडेमवरचा लाल दिवा लागलाय का बघितलंत?"

तुम्हीही उठा आणि आपल्या घरातल्या पेटीचे दिवे एकदा नीट बघून घ्या. सारे सुरळीत चालू असताना बघितलेले बरे. म्हणजे अडेल तेव्हा काय बदलले आहे, ते चटकन ध्यानात येईल. बघाल ना?